बाजारवीर आणि नऊ डाव्या चपला

मी एकदा पळायला लागलो की मुरबाड तालुक्यात माझ्या हातून कोणी सुटत नाही, असं मी तीन वर्षांपूर्वीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. छाती हा माझ्या बाबतीत तसा नाजूक विषय. पोलीस भरतीत सोळाशे मीटर मी पहिल्या पाचांत पळालो. पण श्वास भरल्यावर छाती पाच सेंटिमीटर फुगावी लागते, माझी साडेचारच फुगली. मोजणारा हवालदार भला माणूस होता. "अजून घे, अजून घे," म्हणत टेप धरून उभा राहिला. मी इतकी हवा आत ओढली की कान लाल झाले, डोळे बाहेर आले, पोट गरगरीत झालं. छाती तेवढी जागची हलली नाही. पुढच्या भरतीतही तेच. त्यामुळे एवढं पळणं अंगात असून मी धसईला घरी बसून होतो, आणि आई मला पळवायची ती फक्त गिरणीपर्यंत, दळण घेऊन.

अशात एक दिवस कुंडलिकशेठनी मला बोलावलं. कुंडलिकशेठ म्हणजे धसईच्या बाजारातल्या चपलांच्या दुकानाचे मालक आणि व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. त्या वर्षी गणपतीच्या गर्दीत बाजारातून तीन मोबाइल आणि एका बाईची पर्स गेली होती. मंडळाची बैठक बसली. कोणी म्हणालं, वॉचमन ठेवा. शेठ म्हणाले, "वॉचमनला कोन भितो? वॉचमन आपल्याकडं झोपायलाच ठेवतात. आपन सुपरहिरो ठेवू. चोर बी टरकंल आनि गिऱ्हाईक बी बघायला येल."

"पण सुपरहिरो आणायचा कुठून?" भांडीवाल्याने विचारलं.

"पळनारा पायजे, बस. कमळीचा भाचा स्वरूप घरीच हाय."

असा मी सुपरहिरो झालो. नाव ठरलं 'बाजारवीर'. माझ्या कमळमावशीने पोशाख शिवायला घेतला. तिच्या नवऱ्याचा मांडव घालायचा धंदा होता, त्यातलं उरलेलं गुलाबी-पिवळं कापड तिच्याकडे गठ्ठ्याने पडलं होतं. त्याची पाठीवरची झूल झाली, खाली झालरीसकट. तोंडावर बांधायला काळं फडकं, त्याला डोळ्यांसाठी दोन भोकं. त्यातलं डावं भोक कानाकडे सरकलेलं, त्यामुळे मला फक्त उजवीकडचं आणि समोरचं दिसे. छातीवर मोठ्या अक्षरांत 'बाजारवीर' शिवायचं होतं. पण छाती, सांगितलंच, पुरली नाही. दीर्घ वेलांटीचा वरचा आकडा शिवणीत गेला आणि खाली राहिलं 'बाजारवार'.

"मावशी, हे बाजारवार झालं गं."

"लांबनं वीरच वाचतात," मावशी म्हणाली. "तू काय उभा राहनार हायेस का? पळनारच हायेस."

पहिल्या दिवशी बाजारात मी एका मंडपाच्या खांबाला टेकून करड्या नजरेने पाहत उभा होतो. एका आजोबांनी माझ्या खांद्याला भाजीची पिशवी अडकवली आणि तंबाखू मळायला घेतली. मी हललो तेव्हा ते इतके दचकले की तंबाखू सांडली. पण एकंदरीत शेठचा अंदाज बरोबर निघाला. लोक बघायला येऊ लागले, माझ्याबरोबर फोटो काढू लागले, आणि चोऱ्या एकदम थांबल्या. मी गावात जरा मान ताठ करून चालू लागलो. चोऱ्या करणारे बाहेरगावचे होते आणि गणपतीनंतर ते आपसूकच निघून गेले होते, हे मला कोणी सांगितलं नाही.

मात्र चोऱ्या थांबल्या तसा शेठचा नूर बदलला. मला रोज दुकानात चहा मिळायचा. तो आधी भरलेला असायचा, मग कपाच्या कानाच्या खाली आला. शेठ माझ्याकडे बघून मोठ्याने स्वतःशीच म्हणू लागले, "काय कामच उरला नाय."

तो चहा आणून द्यायची त्यांची मुलगी, वर्षा. कॉलेज संपवून दुकान सांभाळायची. बोलायची कमी. मी आलो की चपलांची खोकी विनाकारण एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवायची. मला वाटायचं, कामाची मुलगी आहे.

दिवाळीच्या तोंडावर पहिली चोरी झाली. चपलांच्या दुकानाबाहेर जोडातली एकच चप्पल टांगतात, दुसरी आत खोक्यात असते. शेठकडे डाव्या टांगलेल्या असत. भर दुपारी, भर बाजारात, कोणीतरी एक डावी चप्पल काढून घेतली आणि पळालं. अंगात ढगळ ट्रॅकसूट, डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गच्च गुंडाळलेला. आमच्याकडे धुळीमुळे निम्मा बाजार तसाच फिरतो, त्यामुळे बाप्या की बाई, काही कळायला मार्ग नव्हता.

"स्वरूप, पळ," शेठ ओरडले.

मी पळालो. झूल मागे फडफडत होती, लोक बाजूला होत होते, आयुष्यात प्रथमच मी ज्यासाठी जन्मलो ते करत होतो. बाजार संपला, एसटीचा थांबा गेला, भातखाचरं लागली. कापणी झालेल्या शेतांच्या बांधांवरून चोर असा पळत होता, जसा आपण अंगणातून जातो. मी पळता पळता एका बांधावरून घसरलो आणि तोंडावर पडलो. मान वर केली तर चोर वीस पावलांवर उभा. माझ्याकडे बघत. मी उठलो, तसा तो पुन्हा पळाला, आणि पिंपळाच्या वळणावर दिसेनासा झाला.

दुकानात परत आलो तेव्हा वर्षाने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिलाही धाप लागली होती. चेहरा लाल झाला होता. मला फार बरं वाटलं. माझ्या काळजीने तिची ही अवस्था झाली, असं मी समजलो.

पुढच्या बाजारच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. दर आठवड्याला एक डावी चप्पल जायची, मी पळायचो, मधेच चोर थांबून वाट बघायचा, आणि वळणावर नाहीसा व्हायचा. शेठना नुकसानीचं दुःख कमी आणि उजव्या चपलांचं जास्त होतं. "त्यांचा आता काय करू मी?" म्हणून ते खोकी उघडून बसायचे. पण माझा चहा पुन्हा वर चढला.

तिसऱ्या चोरीनंतर चप्पल टांगायच्या खिळ्याला अडकवलेली एक चिठ्ठी मिळाली. शेठचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मीच वाचली. 'पळताना तोंड बंद ठेवा.'

शेठ खाली बसले. "धमकी हाय. तोंड बंद ठेव म्हनतोय. म्हंजे तुला काय तरी ठावं झालंय त्याचं."

"मला काहीच माहीत नाही, शेठ."

"तेच बोलू नको म्हनतोय."

दुसऱ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'तुमच्यावर माझी नजर आहे.' ही वाचून झाल्यावर मी तोंडावरचं फडकं आणखी घट्ट बांधलं. तिसरी आली ती मी बांधावरून पडून पाय मुरगळल्यावर. तिच्यासोबत मलमाची एक ट्यूब होती. 'पाय जपा.'

"बघितला?" शेठ भांडीवाल्याला म्हणाले. "आता पाय तोडाया निघालाय. वर मलम बी स्वतःच देतोय. किती निर्दय मानूस असंल."

वर्षा मागे खोकी लावत होती. तिच्या हातातून एक खोकं पडलं. मी तिला धीर दिला. म्हटलं, "घाबरू नकोस. मी आहे." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिकवणीची बाई तिसऱ्यांदा नापास झालेल्या मुलाकडे पाहते.

आठव्या चोरीनंतर मी डोकं चालवायचं ठरवलं, आणि सगळा घोळ तिथून झाला. मी शेठना म्हटलं, "चोर फक्त डावी चप्पल नेतो. उजवी त्याला लागत नाही. म्हणजे त्याच्या उजव्या पायात काहीतरी दोष आहे." मंडळाने मान डोलावली. एवढा जोरात पळणारा माणूस एका पायाने अधू कसा असेल, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. मलाही नाही.

आणि नेमका त्याच दिवशी समोरून कोंडू आला. कोंडू गावाच्या कडेच्या वाडीवर राहणारा, साठीचा माणूस. बांबूच्या टोपल्या विणून बाजारात विकायचा. लाकडं फोडताना त्याच्या उजव्या पायाला कुऱ्हाड निसटून लागली होती, म्हणून त्याने त्याला फडकं गुंडाळलं होतं. डाव्या पायात चप्पल होती.

मी झूल सावरून त्याच्यापुढे उभा राहिलो. भर बाजारात बोट दाखवून म्हणालो, "हाच तो."

माणसं गोळा झाली. कोंडूने टोपल्या खाली ठेवल्या. माझ्याकडे, मग माझ्या छातीवरच्या अक्षरांकडे, मग आपल्या पायाकडे पाहिलं.

"सायेब, माजी चप्पल दोन वर्सांची हाय. तुटलेली दिसत नाय का?"

"बाकीच्या कुठे आहेत?"

"एका पायाला आठ चपला कशाला लागतील?" कोंडू शांतपणे म्हणाला. "आनि या पायानं मी पळंन कसा? तुमच्या म्होरं कोन पळालं, त्ये तुमीच बघितलं ना?"

त्याचं खरं होतं, हे मला कळलं. पण सगळा बाजार बघत होता आणि मी तोंडावर फडकं बांधून उभा होतो. तशा वेळी माणसाला माघार घेता येत नाही, किंवा निदान मला तेव्हा आली नाही. मंडळाने ठरवलं, म्हसा गावच्या जत्रेपर्यंत दुसरा चोर सापडला नाही तर कोंडूला पोलिसात द्यायचं, आणि तोवर त्याने बाजारात बसायचं नाही.

पुढच्या बाजारी तो एसटीच्या थांब्यापलीकडे रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसला होता. तिथे कोणी थांबत नव्हतं. मी जवळून गेलो तर त्याने मान वर करून एवढंच म्हटलं, "पळता चांगलं तुमी. बघत नाय." त्या दिवशी मला चहा गेला नाही. आठवडाभर मुरबाडला राहून वर्षा त्याच दिवशी परतली होती. मी तिला म्हटलं, "मला वाटतं, कोंडू चोर नाही. पण आता सांगू कसं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "कोंडूकाकांना पकडलं? मी मुरबाडला गेले होते तेव्हा?"

"मीच पकडलं," मी म्हणालो.

ती हातातलं खोकं तसंच ठेवून घरी गेली. दुसऱ्या सकाळी शेठनी दुकान उघडलं तर दारात पोतं. त्यात आठ डाव्या चपला, जशाच्या तशा, आणि चिठ्ठी. 'कोंडूकाका चोर नाहीत.'

माझा जीव भांड्यात पडला. शेठ मात्र मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा. धरला तसा भिऊन परत केल्या. वर स्वतःच लिहितोय, मी चोर नाय. चोर दुसरं काय लिहिनार?"

"शेठ, कोंडूला लिहिता येत नाही."

"लिहून घेतलं असंल. म्हंजे टोळी हाय."

वर्षाने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "डोकं दुखतंय का?" ती म्हणाली, "फार."

तर आता सगळी भिस्त म्हशाच्या जत्रेवर होती. म्हशाच्या जत्रेला आमच्या भागातले सगळे व्यापारी दुकान लावतात. एका बाजूला गुरांचा बाजार, खिलारी बैलांच्या रांगाच रांगा, दुसऱ्या बाजूला भांडी, घोंगड्या, पाळणे, मिठाई. शेठनी चपलांचा स्टॉल टाकला. शेजारीच हरवलेल्या माणसांची नावं पुकारायचा मंडप होता, आणि त्याचे कर्णे पार बैलबाजारापर्यंत खांबाखांबांवर बांधलेले. कोंडूही टोपल्या घेऊन आला होता. जत्रेत बसायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. तो मुद्दाम शेठच्या स्टॉलसमोरच बसला. "नजरंसमोर असलेला बरा," म्हणाला.

माझी योजना तयार होती. टांगलेल्या सगळ्या डाव्या चपला मी एका नायलॉनच्या दोरीत ओवल्या आणि दोरीचं टोक माझ्या कमरेला बांधलं. मी टेबलाखाली बसणार. चोराने चप्पल ओढली की मला हिसका बसणार, मी झडप घालणार. योजनेत एकच गोष्ट राहिली होती. झडप घातल्यावर दोरी सोडायची कशी, हे मी ठरवलं नव्हतं.

"पोरी, तू कुठं चाललीस?" शेठ वर्षाला विचारताना मला टेबलाखालून ऐकू आलं.

"पाळण्यात बसून येते," ती म्हणाली.

अर्धा तास गेला. कमरेला हिसका बसला. मी वाघासारखा उठलो, तो टेबल डोक्यावर घेऊनच. शेठ टेबलावर हात टेकून गिऱ्हाइकाशी बोलत होते. ते, टेबल आणि उरलेली खोकी एकत्रच पडली. समोर स्कार्फ गुंडाळलेला चोर, हातात दोरीतून उपटलेली एक चप्पल. तो पळाला. मी मागे. आणि माझ्या मागे, कमरेला बांधलेल्या दोरीत, तीसेक डाव्या चपला उड्या मारत, आपटत, धूळ उडवत.

आता हे दृश्य धसईच्या लोकांनी पाहिलं असतं तर ठीक. म्हशाच्या जत्रेत जुन्नरपासून जव्हारपर्यंतची माणसं. त्यांना बाजारवीर माहीत नव्हता. त्यांनी पाहिलं ते असं, की दुकान उलथलंय, दुकानदार खाली पडलाय, आणि तोंडाला काळं फडकं बांधलेला एक माणूस चपलांची माळ घेऊन पळतोय.

"चोर, चोर. धरा त्याला."

मला वाटलं, लोक माझ्या मदतीला आले. मी हात उंचावून त्यांना म्हटलं, "चला, माझ्याबरोबर चला." ते आलेच. शंभर तरी असतील. बैलबाजारात शिरलो तेव्हा कोणाचा तरी पाय दोरीवर पडला आणि मी आडवा झालो तो थेट कडब्याच्या ढिगावर. शेजारच्या बैलाला माझी झालर चारा वाटली की काय, त्याने ती शांतपणे चघळायला घेतली. इकडे दोघांनी माझे हात धरले.

"मी चोर नाही. मी बाजारवीर आहे," मी म्हणालो.

एका पैलवान दिसणाऱ्या गृहस्थांनी माझ्या छातीवरचं वाचलं. "बाजारवार. बरं. कुठला वार, ते मार खाऊन झाल्यावर सांग."

त्यांनी हात उगारला. तो हात मी अजून विसरलो नाही, चांगला पोळपाटाएवढा होता. तेवढ्यात सगळ्या खांबांवरच्या कर्ण्यांमधून धापा टाकणारा आवाज आला.

"ऐका. बैलबाजारात पकडलेल्या मानसाला मारू नका. तो चोर नाय. चोर मी आहे. कुंडलिकशेठच्या दुकानातल्या नऊ डाव्या चपला मी घेतल्या. कोंडूकाकांनी एकपन घेतली नाय. मी कुंडलिकशेठची मुलगी, वर्षा."

पैलवानाचा हात हवेतच राहिला. मी डोळ्यांवरचं फडकं काढून फेकलं. आवाज तर ओळखीचा होताच. आणि मग तो पाण्याचा तांब्या, ती धाप, तो लाल चेहरा, सगळं एकामागून एक माझ्या डोक्यात येऊन आपटायला लागलं, चपलांसारखं.

मी दोरी सोडवून, झालर बैलाच्या तोंडातच ठेवून पुकारायच्या मंडपाकडे धावलो. मला येताना पाहून ती सवयीने पळाली. मंडपाच्या मागच्या बाजूने, गुरांच्या चाऱ्याच्या गाड्यांच्या आडोशाला गेली आणि तिथे वळून उभी राहिली. स्कार्फ गळ्यात आला होता. हातात बिनतारी माईक तसाच होता. तिच्या लक्षात नव्हतं. माझ्या तर नव्हतंच.

"थांब," मी म्हणालो.

"थांबलेच आहे. दर वेळी थांबते. तुला दिसत नाय."

माझं प्रत्येक वाक्य मला पुन्हा एकदा लांबून, जरा घुमून ऐकू येत होतं. तिचंही. प्रेमात असं होत असेल, असं मला वाटलं.

"का केलंस हे?"

"बाबा दिवाळीनंतर तुला काढनार होते. चोऱ्याच होत नाहीत तर सुपरहिरो कशाला, म्हनत होते घरी. मग मी सुरू केल्या."

"पण डाव्याच का?"

"बाहेर डाव्याच टांगतात. आनि एकटी डावी चप्पल कोन विकत घेनार? सगळ्या परत द्यायच्याच होत्या मला. कोंडूकाकांवर येईल असं स्वप्नातपन आलं नाय. आज त्यांच्या समोर चोरली ती त्यासाठीच, की ते नाहीत हे सगळ्यांना दिसावं."

मी अंगावरचा कडबा झटकला. मग विचारलं, "आणि त्या चिठ्ठ्या?"

"त्यात समजायचं काय राहिलं?" ती म्हणाली. "तू पळताना तोंड उघडं ठेवतोस, म्हनून दम लागतो. दुसरी तर सरळच होती."

"तुझे बाबा म्हणाले, धमकी आहे."

तिचे डोळे मोठे झाले. "तू त्या बाबांना दाखवल्यास?"

"वाचून दाखवल्या. भांडीवालाही होता."

तिने डोळे मिटले. मी घाईने विषय बदलला. "पण तू मला आधी कुठे पाहिलंस?"

"मुरबाडच्या मैदानावर. भरतीच्या तयारीला मीपन यायचे, रोज सकाळी. तुझ्या पुढं असायचे."

"माझ्या पुढे कोणी नसायचं. मी मागे वळून बघायचो तेव्हा एक मुलगी मागे असायची खरी."

"ती मीच. एक अख्खी फेरी पुढं होते. तुला वाटायचं, मागं आहे."

हे पचवायला मला थोडा वेळ लागला. बैलबाजारात एवढी शांतता पसरली होती की गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"छाती कमी पडली म्हनून तू मैदानाच्या कडेला बसून रडलास," ती म्हणाली. "मग उठलास, आनि दुसऱ्या दिवशी परत पळायला आलास. मला तेव्हापासून." ती थांबली. "मी तुला आवडते का, ते सांग. आवडत नसेन तर आत्ताच पकड आनि बाबांकडे ने."

लांबून कोणाचा तरी आवाज आला, "बोल की रं लवकर, माझा सौदा खोळंबलाय." मला वाटलं, बैलाचा कोणी व्यापारी दुसऱ्याला म्हणतोय.

"आवडतेस," मी म्हणालो. "पण उपयोग काय? तुझे बाबा मला चहासुद्धा अर्धा कप देतात. मुलगी कुठली देणार?"

यावर सगळे कर्णे एकदम खरखरले आणि त्यांतून कुंडलिकशेठचा आवाज आला.

"अर्धा नाय. पाऊन असतो."

आम्ही दोघांनी एकाच वेळी तिच्या हातातल्या माईककडे पाहिलं. त्याच्यावरचा लाल दिवा लागलेला होता. मग बैलबाजारातून हसण्याचा जो आवाज आला, तसा मी पुन्हा कुठल्याच जत्रेत ऐकलेला नाही. गाड्यांच्या फटीतून पाहिलं तर शंभर-दीडशे माणसं कर्ण्यांकडे माना वर करून उभी होती, आणि माझी झालर तोंडात घेतलेला बैलही.

शेठ मंडपात दुसरा, तारेचा माईक धरून उभे होते. टेबलाखालून त्यांना कोंडूने बाहेर काढलं होतं, आणि त्यांच्या कोपराला आपलंच एक फडकं बांधलं होतं. आम्ही मान खाली घालून पुढे गेलो. शेठ पहिलं वाक्य मुलीशी नाही, कोंडूशी बोलले. "चुकलं रे. बस परत बाजारात."

कोंडू म्हणाला, "शेठ, आळ आला तवा सगल्यांनी ऐकला. आता ह्ये बी सगल्यांना ऐकू दे."

मी माईक घेतला. या वेळी दिवा लागलाय ना, हे बघून घेतलं. मी म्हटलं, "मी धसईचा स्वरूप. कोंडूकाकांवर मी खोटा आळ घेतला. त्यांनी मला तेव्हाच खरं सांगितलं होतं, मला समजत असूनही मी ऐकलं नाही. मला माफ करा." एवढंच बोलता आलं. पोळपाटासारखा हात असलेला तो पैलवान पुढे आला आणि कोंडूच्या दोन टोपल्या घेऊन गेला, आणि त्याच्या मागे माणसांची रांग लागली. वर्षा कोंडूच्या पाया पडली. कोंडू तिला म्हणाला, "पोरी, पुढच्या टायमाला प्रेम कर, पन टोपल्यावाल्याला लांब ठेव."

मला त्याच दिवशी कामावरून काढलं. शेठ म्हणाले, "चोर घावला. आता सुपरहिरो कशाला?" यात चुकीचं काही नव्हतं.

लग्नाला मात्र ते वर्षभर 'नाय' म्हणत राहिले. वर्षाने भांडण केलं नाही. ती रोज सकाळी मैदानावर गेली आणि त्या वर्षीच्या भरतीत पोलीस झाली. शेठनी गावभर पेढे वाटले, आणि त्या भरात मलाही एक दिला. माझ्या आईने तो होकार समजून पाहुण्यांना कळवूनही टाकलं. तसं लग्न झालं. आता वर्षा शहापूरला असते, म्हणजे आम्ही असतो. मी आसनगावच्या एका गोदामात मालाची मोजदाद बघतो. बरं चाललंय.

गेल्या महिन्यात शहापूरला बसमधून उतरताना एकाने माझ्या हातातला मोबाइल ओढला आणि पळाला. मी पाठलाग केला. मग तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेलो. रजिस्टर लिहायला वर्षाच बसली होती. मागे सात-आठ माणसं रांगेत. तिने मान वर केली नाही.

"नाव?"

"तुला माहीत आहे."

"नाव सांगा."

मी सांगितलं. वय, पत्ता, मोबाइलचा रंग, सगळं सांगितलं. पत्ता सांगताना रांगेतला एक जण म्हणाला, "हा तर मॅडमचाच पत्ता." ती लिहीत राहिली.

"चोराचा पाठलाग केला?"

"केला."

"कुठपर्यंत?"

"रसवंतीपर्यंत."

"मग?"

मी मागे पाहिलं. रांग ऐकत होती. मी हळू आवाजात म्हणालो, "दम लागला."

तिने ते एकेक अक्षर सुटं करून, वळणदार अक्षरात लिहिलं, 'तक्रारदाराने पाठलाग केला, परंतु रसवंतीगृहापर्यंत गेल्यावर तक्रारदारास दम लागला.' मग रजिस्टर माझ्याकडे वळवलं.

"वाचा आणि खाली सही करा."

मी वाचलं. एकही चूक नव्हती. सही केली.